घरातला चार्जर आणि रेडिओतली खरखर: शहरात हॅम रेडिओला त्रास का होतो?

तुमच्या मोबाईलचा चार्जर रेडिओलहरीही सोडतो, हे माहीत आहे का? मी हॅम रेडिओ वापरतो. शहरातल्या इमारतीत बसून दूरचं स्टेशन ऐकायचं म्हटलं, की अंतरापेक्षा आजूबाजूची उपकरणंच जास्त आडवी येतात.

हे होतं कसं?

चार्जर, एलईडी बल्ब, टीव्ही, राउटर यांत स्विच-मोड पॉवर सप्लाय असतो. तो वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. समजा, हा वेग ६५ किलोहर्ट्झ आहे. मग ६५ च्या प्रत्येक पटीवर थोडा गोंगाट तयार होतो. भारतात हॅमचा ४० मीटर बँड ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ आहे. त्यात ७०२०, ७०८५ आणि ७१५० च्या आसपास खरखर येणार. चांगल्या चार्जरमध्ये ती अडवणारा फिल्टर असतो. स्वस्त मालात बरेचदा तोच गाळतात आणि मग घरातली वायरच अँटेना बनते.

नुकसान काय?

रेडिओच्या एस-मीटरवर एक अंक वाढला म्हणजे व्होल्टेज दुप्पट. गोंगाट एस-३ वरून एस-७ वर गेला तर तो १६ पट झाला. त्याखालचे सिग्नल बुडाले! मी पॉवर वाढवली तर समोरच्याला मी ऐकू येईन, मला तो नाही. २००१ च्या भूज भूकंपात फोन बंद पडल्यावर हॅम मंडळींनी निरोप पोचवले. अशा ठिकाणी रेडिओ बहुधा बॅटरीवर, कमी पॉवरवर चालतो. ऐकणाऱ्याच्या शहरात मात्र सगळे चार्जर चालू असतात.

शोधायचं कसं?

१. रेडिओ बॅटरीवर लावा, घरचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर कारण घरातच आहे. नाही थांबली तर बाहेर शोधा.

२. मेन चालू करून एकेक उपकरण लावा. ज्याने खरखर वाढली, तोच चोर.

३. त्याच्या वायरचे चार-पाच वेढे उपकरणाजवळ फेराइट कोअरवर घ्या. तरीही त्रास राहिला तर चार्जर बदला.

हॅम रेडिओ नाही? बॅटरीवरचा एएम रेडिओ रिकाम्या जागी लावा आणि चालू चार्जरजवळ न्या. घरातले सगळे चार्जर असे तपासा. कुठला जास्त ओरडतो, ते लगेच कळेल.