तोस्का नेमकी कुठून आली होती?

पुच्चीनीच्या ‘तोस्का’मधली ‘विस्सी दार्ते’ मी बरेच दिवस नुसती प्रार्थना म्हणून घोकत होते. मग काळ पाहिला: जून 1800, रोम. 14 जूनला मारेंगोत ऑस्ट्रियाचा मेलास दुपारपर्यंत जिंकलाच होता. संध्याकाळी देसेची कुमक आली आणि नेपोलियनने डाव उलटवला. रोमला मात्र आधी पोचते मेलासच्या विजयाची बातमी! फार्नेझे वाड्यात त्या विजयाचं गाणं गाते कोण? तोस्काच. तिथूनच ती स्कार्पियाच्या खोलीत येते. खरी बातमी कळताच प्रियकर आनंदाने ओरडतो, आणि त्याला फाशीसाठी नेतात. (1900 मध्ये पहिला प्रयोगही रोममध्येच झाला.)

म्हणजे आपलं काय चुकलं, असं देवाला विचारणारी ही बाई नुकतीच त्याच सत्तेसाठी गाऊन आलीय. आता ती पहिली ओळ मी हळुवार नाही, दमलेल्या आवाजात घेते.