स्थौल्यचिकित्सेचा इतिहास

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या पुरुषांची गणना आहे. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही आहेत. परंतु या दोहोंत निवड करण्याचा प्रसंग आलाच तर कृश बरा, असा ग्रंथकाराचा निर्वाळा आहे. दोघांस सारखाच रोग जडला असतां स्थूलास तो अधिक पीडा देतो, हें त्याचें कारण. स्थौल्याचीं कारणें सांगतांना अतिभोजन, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोप यांच्याबरोबरच बीजस्वभावाचाही उल्लेख तेथें आहे. म्हणजे दोष केवळ जिभेचा नसून कांहीं अंशीं जन्माचाही असतो, हें आपल्या पूर्वजांच्या लक्षांत आलें होतें. दुर्दैवानें हें एक कारण आपण विसरलों आणि बाकीचीं तेवढीं लठ्ठ माणसास टोमणे मारण्यासाठीं पाठ करून ठेविलीं.

सुश्रुताची मधुमेहचिकित्सा याहूनही मनोरंजक आहे. निर्धन रोग्यानें पायांत जोडा न घालतां, डोक्यावर छत्र न धरतां, भिक्षेवर राहून शंभर योजनें चालावें. धनवानानें वनांत जाऊन सांवे-देवभातासारख्या रानधान्यावर निर्वाह करावा. कोणी विहीर खणावी. औषध असें यांत थोडें. जीवनक्रम बदलणें हाच उपाय. पैठणहून पंढरीस पायीं जाणाऱ्या वारकऱ्यास सुश्रुत ठाऊक नसतो, पण सुश्रुताचा हा उपदेश त्याच्या पायांस ठाऊक असतो.

युरोपांत या विषयाची आधुनिक चर्चा १८६३ सालीं विल्यम बँटिंग या लंडनच्या गृहस्थानें लिहिलेल्या एका पुस्तिकेपासून रंगली. साखर व पिष्ट वर्ज्य करून आपण कसे सडपातळ झालों, हें त्यानें लोकांस सांगितलें. त्यानंतर मात्र शरीरास फसविण्याच्या युक्त्यांचें युग आलें. प्रथम कंठग्रंथीचा अर्क देण्याची प्रथा पडली. १९३३ च्या सुमारास डायनायट्रोफिनॉल नांवाचें द्रव्य अमेरिकेंत खपूं लागलें. त्यानें वजन उतरे, पण कोणास मोतीबिंदू होई, तर कोणी ज्वरानें होरपळून मरे. १९३८ सालीं तें तेथें बंद करावें लागलें. पुढें भूक मारणारीं औषधें आलीं. त्यांपैकीं फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवितें म्हणून १९९७ मध्यें, आणि सिब्युट्रामिन हृदयविकाराच्या भयानें २०१० मध्यें बाजारांतून गेलें. या सर्व प्रकरणांचें सार एकच: वजनाचा कांटा खालीं आला म्हणजे रोग गेला, असें नव्हे.

शस्त्रवैद्यांचा प्रवेश १९५४ चा. मिनेसोटा येथील क्रेमेन प्रभृतींनीं आंतड्याचा बराच भाग वगळून अन्नाचा मार्ग आंखूड करण्याची क्रिया प्रसिद्ध केली. वजन घटलें, परंतु अतिसार, मूतखडे आणि यकृताचे विकार मागें लागले. १९६६ मध्यें आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनीं जठराची लहानशी पिशवी करून ती पुढील आंतड्यास जोडण्याची रीत काढली. विसाव्या शतकाच्या अखेरीस दुर्बिणीच्या साहाय्यानें, लहान छिद्रांतून, हें काम होऊं लागलें. आणि जठराचा बहुतेक भाग काढून त्याची नळी ठेवण्याची ‘स्लीव्ह’ क्रिया पुढें सर्वत्र रूढ झाली.

परंतु खरें नवल निराळेंच होतें. १९९५ सालीं वॉल्टर पोरीस यांनीं आपला अनुभव मांडला कीं, मधुमेह्यांची साखर शस्त्रक्रियेनंतर कांहीं दिवसांतच, वजन उतरण्यापूर्वीच, ताळ्यावर येते. पोट म्हणजे अन्नाचें कोठार एवढीच आपली समजूत होती. तें अनेक रसांचें उगमस्थानही आहे आणि त्या रसांचा संदेश स्वादुपिंड व मेंदू यांपर्यंत पोंचतो, हें आतां कळूं लागलें. स्वीडनमध्यें १९८७ पासून सुमारें ४,००० स्थूल माणसांवर जें निरीक्षण चाललें, त्यावरून शस्त्रक्रिया झालेल्यांमध्यें मृत्यूचें प्रमाण कमी असल्याचें २००७ मध्यें प्रसिद्ध झालें.

येथवरची कथा परदेशाची झाली. आपल्या घरची कथा पुण्यास सुरू होते. १९९३ मध्यें डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचें व त्यांच्या अपत्यांचें निरीक्षण हातीं घेतलें. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी सुमारें २.७ किलो, इंग्लंडांतील बालकांचें ३.५ किलो, पण आपल्या बालकांचे स्नायू खुरटलेले आणि चरबी मात्र बहुतांशीं शाबूत! वरून कृश, आंतून स्थूल. पुढें २००४ मध्यें याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनीं स्वतःचींच शरीरें मोजून दाखविलीं. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाही २२.३, पण चरबी एकाची ९.१ टक्के, तर आपल्या वैद्यांची २१.२ टक्के. चरकानें ज्या दोघांस वेगळें उभें केलें होतें, ते दोघे एकाच देहांत नांदतांना सांपडले.

यामुळेंच भारतीयांसाठीं मोजमाप निराळें ठरलें. कमरेचा घेर पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर ओलांडूं नये. घेर, रक्तदाब, साखर व ट्रायग्लिसराइड यांची वाढ आणि हितकर कोलेस्टेरॉलची घट, या पांचांपैकीं तीन लक्षणें एकत्र आलीं कीं त्यास मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

मराठवाड्याच्या वाचकास येथें थोडें थांबावेंसें वाटेल. १९७२ च्या दुष्काळांत याच प्रदेशांतील स्त्रिया खडी फोडीत होत्या. सुकडी आणि मिलो हें त्या दिवसांचें अन्न. उपाशी मातेच्या उदरांत वाढलेलें मूल पुढें सुबत्तेच्या दिवसांत अशा विकारांस अधिक बळी पडतें, हें हॉलंडांतील १९४४-४५ च्या दुष्काळाच्या अभ्यासावरून दिसलें आहे. त्या वर्षीं आपल्याकडे जन्मलेलीं मुलें मोठीं होतात न होतात तोंच १९८५ मध्यें वाळूजला दुचाकींचा कारखाना उभा राहिला, आणि पायीं चालणारें औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, गाडीवर बसलें. त्या पिढीच्या पोटाचा घेर केवळ तिच्या आळसाचा हिशेब आहे, असें म्हणण्यास माझें मन धजत नाहीं.

अलीकडे पुन्हा औषधांचें युग आलें आहे, पण तें जुन्या फसवणुकीचें नव्हे. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेंत जॉन एंग यांस १९९२ मध्यें आपल्या आंतड्यांतील एका रसाशीं मिळतें द्रव्य सांपडलें. त्यावरून निघालेलें पहिलें औषध २००५ मध्यें आलें. त्याच वर्गांतील सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या परीक्षेंत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलें. टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइडचें वजनासाठींचें इंजेक्शन हीं दोन्ही २०२५ मध्यें भारतांत विक्रीस आलीं. मात्र औषध थांबविल्यावर वर्षभरांत गेलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आल्याचें दिसलें. शस्त्रक्रियेचा परिणाम अधिक टिकतो. पण जन्मभर जीवनसत्त्वें घ्यावीं लागतात. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव आधींच असते, म्हणून तेथें ही सावधगिरी दुप्पट हवी.

दोन्ही मार्ग आज खुले आहेत आणि दोहोंसही खर्च आहे. कोणता कोणास, हें वैद्यानें तपासून ठरवावयाचें आहे. शेजाऱ्यानें पाहून नव्हे. आपल्या घरांतून मात्र लठ्ठ मुलीस सोयरिकीच्या वेळीं, लठ्ठ मुलास पंगतींत, जें ऐकावें लागतें त्यानें आजवर कोणाची साखर उतरली नाहीं. उलट लाजेपायीं कित्येक जण वैद्याकडे जाण्यास उशीर करतात. चरकाचा तो विसरलेला बीजस्वभाव एवढ्यापुरता तरी आठवावा, आणि बोलण्याआधीं घरांतल्या सर्वांनीं, सडपातळ दिसणाऱ्यांनींही, एकदां आपल्या कमरेस फीत लावून पाहावी.