घोरणं, श्वास आणि एक छोटा भाता

मी घोरते. हे एक वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. पुरुष घोरला तर घर हसतं आणि विसरतं. बाई घोरली तर ती गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते. आमच्या नात्यात लग्न असलं की बायका एका मोठ्या खोलीत सतरंज्या टाकून ओळीनं झोपतात. अशाच एका लग्नानंतर सकाळी चहा पिताना एक भावजय म्हणाली, "आपा, रात्री ट्रॅक्टर कुणी चालू ठेवला होता?" सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यानंतर कित्येक लग्नांना मी सकाळी जाऊन संध्याकाळी परत आले. मुक्काम केला नाही.

मी आटपाडीत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. झाल्यापासून वर्गात उभी आहे. चाळिशी ओलांडल्यावर वर्गातच डोळे मिटायला लागले. सहावीच्या मुलांना इमला सांगत होते, म्हणजे श्रुतलेखन. एक शब्द सांगितला आणि पुढचा सांगायचाच राहिला. डोळे उघडले तेव्हा तीस मुलं पेन हातात धरून माझ्याकडे बघत होती. कुणी हसलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. पुढे एकदा दिघंचीच्या रस्त्यावर दुपारी स्कूटी चालवताना झापड आली. गाडी डांबर सोडून बाभळीकडे गेली तेव्हा जाग आली. लागलं काही नाही, पण त्या दिवशी मी खरी घाबरले.

त्याआधी दवाखाने झाले होते. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. एका डॉक्टरांनी सांगितलं, "या वयात बायकांना असं होतंच, टेन्शन घेऊ नका." सकाळी डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, दहा तास पडूनही अंग जड असायचं. हे सगळं मी सांगत होते. घोरण्याचं मात्र मी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

विचारलं ते मिरजेतल्या एका डॉक्टरांनी, आणि मला नाही, ह्यांना. "रात्री यांचा श्वास थांबतो का?" हे थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "साहेब, ही घोरते तोवर मी झोपतो. घोरणं थांबलं की मला जाग येते. मग मी उठून बसतो आणि पुन्हा सुरू व्हायची वाट बघतो." हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. किती रात्री हा माणूस माझ्या उशाशी बसून माझे श्वास मोजत होता, कुणास ठाऊक!

झोपेची तपासणी झाली. छातीला पट्टे, बोटाला चिमटा, नाकाशी नळी. अहवालात आकडा आला चौतीस. म्हणजे तासाला चौतीस वेळा माझा श्वास अडत किंवा अर्धवट होत होता, दर पावणेदोन मिनिटाला एकदा. तासाला पाचपर्यंत ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी मोजणी आहे. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते आणि हवेची वाट बंद होते. छाती ओढत राहते पण हवा आत येत नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून उठवतो, घसा उघडतो, मोठा घोर येतो आणि पुन्हा झोप लागते. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. रात्रभर गळा दाबून सोडावा तशी ही झोप असते.

उपाय म्हणून सीपॅप नावाचं मशीन घरी आलं. आटपाडीच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात तीन-चार चांगले बोकड येतील एवढी त्याची किंमत. पहिल्या आठवड्यात त्याच्याशी माझं अजिबात जमलं नाही. नाकावर मास्क, डोक्याला पट्टे आणि नाकात सतत घुसणारी हवा. श्वास सोडायला गेलं की हवा उलट ढकलायची, जीव गुदमरायचा. मध्यरात्री मास्क ओरबाडून टाकायचे. धाकट्यानं विचारलं, "अम्मी, तुला कोरोना झालाय का? हा ऑक्सिजन आहे का?" जागरणाच्या त्या रात्रींत मी या मशीनचा इतिहास वाचायला घेतला. माझ्या नाकात हवा भरायची ही कल्पना मुळात सुचली कुणाला, हे मला पाहायचं होतं.

इतिहासाची सुरुवात हसण्यापासूनच होते. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मधल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत ज्यो नावाचा लठ्ठ पोरगा आहे. उभ्या उभ्या झोपणारा, घोरणारा. वाचक त्याला हसले. १९५६ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी अतिलठ्ठपणा, झोपाळूपणा आणि मंद श्वास असलेल्या एका रुग्णाचं वर्णन केलं आणि आजाराला त्या कादंबरीवरून 'पिकविकियन सिंड्रोम' म्हटलं. दिवसा झोप का येते, याचं उत्तर मात्र रात्री आहे, हे तेव्हा उमगलं नव्हतं. ते १९६५ मध्ये उमगलं. फ्रान्समध्ये गास्तो आणि त्यांचे सहकारी, जर्मनीत युंग आणि कूलो, अशा दोन ठिकाणी अशा रुग्णांची झोप रात्रभर यंत्रावर नोंदली गेली आणि श्वास वारंवार थांबताना कागदावर दिसला. ह्यांनी जे उठून बसून पाहिलं, तेच त्या डॉक्टरांनी कागदाच्या पट्टीवर पाहिलं. पुढे १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला ख्रिश्चन गिलेमिनो यांनी या आजाराला स्लीप ॲप्निया सिंड्रोम हे नाव रूढ केलं.

आजार कळला, पण इलाज भयंकर होता. गळ्याला खालच्या बाजूला भोक पाडून नळी बसवायची. दिवसा ती झाकायची, रात्री उघडायची. अडलेली वाट टाळून खालूनच हवा घ्यायची. त्यानं माणसं वाचत. पण जन्मभर गळ्यात भोक घेऊन जगायचं, हे कितीजण पत्करतील? तीव्र आजाराला तेव्हा दुसरा खात्रीचा मार्ग नव्हता. हे वाचलं त्या रात्री मी माझ्या मास्ककडे थोडं वेगळ्या नजरेनं पाहिलं.

हवेच्या दाबाची युक्ती तशी जुनी होती. लंडनमध्ये पूल्टन नावाच्या डॉक्टरांनी १९३६ मध्ये घर झाडायच्या व्हॅक्युम क्लीनरची हवा मास्कमधून देऊन, हृदय कमजोर पडून फुप्फुसात पाणी साचलेल्या रुग्णांवर उपचार केले होते. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, श्वास घेता न येणाऱ्या वीस बाळांना सतत हलका दाब दिला. त्यातली सोळा बाळं जगली. हीच युक्ती झोपेच्या आजारात वापरली ती ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी. ते कॅनडात टोरांटोला कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासावर काम करून सिडनीला परतले होते. कुत्र्यांच्या तोंडावर बेतलेले मास्क बनवायची सवय तिथलीच. जून १९८० मध्ये त्यांच्यापुढे आजार तीव्र असलेला एक रुग्ण होता. गळ्याला भोक पाडून घ्यायला तो तयार नव्हता, पण प्रयोगाला तयार होता. सलिव्हन यांनी व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी वापरली, म्हणजे हवा ओढण्याऐवजी ढकलायला. नाकावर बसेल असा मास्क केला आणि गळती होऊ नये म्हणून तो सिलिकॉननं चेहऱ्याला चिकटवला. दाब वाढवला तसा घसा उघडा राहिला. कमी केला की पुन्हा बंद. तो माणूस कित्येक वर्षांत प्रथमच सलग आणि गाढ झोपला. एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव छापून आला. आज जगभर लाखो लोक उशाशी ठेवतात त्या मशीनचा जन्म तिथला.

आमच्या भागाला ही युक्ती समजायला अवघड नाही. खानापूर-आटपाडीची माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेलेली आहेत. भट्टीला भात्यानं किंवा ब्लोअरनं हवा किती द्यायची, हे त्यांच्या हाताला कळतं. कमी पडली तर विस्तव मरतो, जास्त झाली तर राख उडते. सीपॅप म्हणजे असाच एक छोटा भाता. तो ऑक्सिजन देत नाही, माझ्याऐवजी श्वासही घेत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबानं देऊन घशाची वाट उघडी ठेवतो, एवढंच. ओली पिशवी आतून फुंकर घातल्यावर चिकटत नाही, तसं. हा दाब मोजतात सेंटिमीटर पाण्यात. माझा ठरला नऊ. विहिरीचं पाणी पुरुषांवर मोजणाऱ्या माणदेशात माझी झोप नऊ सेंटिमीटर पाण्यावर येऊन ठेपली, याची मला गंमत वाटते.

सवय लागायला दीड महिना गेला. काय उपयोगी पडलं ते सांगते, कुणाला कामाला येईल. मास्क आधी दिवसा लावला, जागेपणी, वही तपासताना अर्धा तास. मशीनमध्ये दाब हळूहळू वाढवायची सोय असते, ती चालू केली. नाकाबाहेर हवा गळत होती, तेव्हा पट्टे आवळत बसण्यापेक्षा मास्कचं माप बदलून घेतलं. नाक कोरडं पडायचं म्हणून पाण्याचं भांडं जोडलं, पण आमच्या बोअरच्या क्षारानं दोन दिवसांत त्यावर पांढरं पुट चढलं. तेव्हापासून मेडिकलमधून डिस्टिल्ड पाणी आणते. वीज गेली की मशीन बंद, म्हणून इन्व्हर्टरची एक लाइन उशाशी ओढली. रमजानात झोपेचे दोन तुकडे होतात, तरावीहनंतर एक आणि सहरी-फजरनंतर एक. दोन्ही वेळा मास्क लावते. पहिल्या वर्षी दुसऱ्या तुकड्याला आळस केला, तर तिसऱ्या दिवशी डोकेदुखी परत आली.

इतिहास वाचताना एक गोष्ट मात्र टोचत राहिली. यात बायका कुठे आहेत? ज्यो पोरगा, सिडनीतला तो पहिला रुग्ण पुरुष. आपल्या महाराष्ट्रातलं महत्त्वाचं काम मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातलं. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, नियमित तपासणीला आलेल्या माणसांची झोप मोजली. २००४ मध्ये ते छापून आलं. साडेएकोणीस टक्क्यांमध्ये झोपेत श्वास अडत होता आणि साडेसात टक्क्यांमध्ये त्यासोबत दिवसाची झोपही होती. भारतातल्या डॉक्टरांचे डोळे उघडणारं हे काम होतं, पण तेही फक्त पुरुषांवरचं. अमेरिकेत विस्कॉन्सिनला १९९३ मध्ये दोघांचीही झोप मोजली, तेव्हा चोवीस टक्के पुरुषांबरोबर नऊ टक्के बायकांमध्येही श्वास अडताना दिसला. बायका आजारी नव्हत्या असं नाही. त्या दवाखान्यात घोरण्याची तक्रार घेऊन येत नव्हत्या. थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं, उदास वाटणं घेऊन येत होत्या आणि त्यावरची गोळी घेऊन परत जात होत्या. पाळी गेल्यावर तर हा धोका वाढतो.

१५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत बप्पी लाहिरी गेले आणि डॉक्टरांनी कारणांत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया सांगितला. तेव्हा हा शब्द पहिल्यांदा घराघरांत ऐकू आला. आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "घोरण्यानं कुठं माणूस जातो का?" मी तेव्हा गप्प बसले होते. मला अजून काही ठाऊक नव्हतं, आणि घोरण्याच्या विषयात मला पडायचंही नव्हतं.

उर्दू शिकवताना मी मुलांना नफस आणि नफ्स हे दोन शब्द शेजारी लिहून दाखवते. नफस म्हणजे श्वास, नफ्स म्हणजे जीव, आपला 'स्व'. अरबीत दोघांची मुळाक्षरं तीच, फरक फक्त जेर-जबरचा. सादींच्या 'गुलिस्तान'ची सुरुवातच श्वासाबद्दलच्या कृतज्ञतेनं होते. हे मी वीस वर्षं शिकवत आले. समजलं या मशीनमुळे.

आता महिन्याला कार्डावर नोंद बघते. चौतीसचा आकडा तीनवर आलाय. रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण डोस निम्मा झालाय. वर्गात इमला पुरा होतो. हे रात्रीचे उठून बसत नाहीत.

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला मुक्कामी गेले. मशीन पिशवीत घेतलं होतं. बायकांच्या खोलीत भिंतीला लागून, प्लगजवळची जागा मागून घेतली. मास्क लावताना सगळ्या बघत होत्या. सकाळी ती भावजय माझ्याजवळ येऊन बसली. ट्रॅक्टरचं काही बोलली नाही. हळूच विचारलं, "आपा, मलापण सकाळी डोकं दुखतं. आणि हे म्हणतात मी झोपेत गुदमरते. हे कुठं तपासतात?"

मी तिला मिरजेचा पत्ता लिहून दिला. आणि सांगितलं, जाताना भाईजानना सोबत घेऊन जा. तुझ्या झोपेतलं त्यांनी पाहिलंय, तू नाही.