घाण्यापासून फळ्यापर्यंत

कवी निस्सिम इझिकेल यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे आईवडील मात्र विस्मृतीत गेले. वडील मोझेस इझिकेल मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत, आई डायना स्वतःची शाळा चालवीत. विद्येचे हे घर एकाएकी उभे राहिले नाही. बेने इस्रायली समाज मूळचा कोकणातला, तेलाचे घाणे चालवणारा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पुढे मुंबईत स्थिरावलेल्यांनी १७९६ मध्ये सिनेगॉग उभारले, १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने शाळा काढली. घरची भाषा मराठीच राहिली. घाण्यापासून फळ्यापर्यंतची वाट समाजाने मिळून पाडली होती. कवीला आठवताना त्या वाटेने चाललेले हे जोडपेही आठवावे.