न आलेल्या मुलांची हजेरी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावोगावी मुलांची शिबिरं भरतात. कुठे देवळाच्या सभामंडपात, कुठे बचत गटाच्या खोलीत. गाणी, चित्रं, मातीकाम होतं आणि शेवटच्या दिवशी आपण मोजतो, किती मुलं आली. आज मी तुम्हाला, न आलेली मुलं मोजणाऱ्या दोघींची गोष्ट सांगणार आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. तिथे त्यांनी माँटेसरी पद्धत जवळून पाहिली. पण ती साधनं महाग, खेड्याला न परवडणारी. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा गेला. पुढे शिकून त्या पुण्यात शिक्षिका झाल्या. १९४५ साली बोरिवलीच्या ग्रामसेविका शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई ताराबाईंबरोबर समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. ‘त्यांना शिक्षणाची आवड नाही’ असं म्हणणं सोपं होतं. या बायकांनी तसं म्हटलं नाही. साहित्य उचललं आणि वस्तीतच, घरापुढच्या अंगणात वर्ग भरवला. आधी मुलांना आंघोळ, वेणीफणी, मग गाणी आणि खेळ. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच शिकवायची साधनं. कोपऱ्यात बसलेल्या आयाही हे सगळं पाहत. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली मुलं वारली आदिवासींची. मुलगा शाळेत आला, तर गुरं कोण राखणार? म्हणून शिक्षक कुरणात गेले. गुरं चरत असताना तिथेच धडे होत. ती कुरणशाळा. मुलींची अडचण निराळी होती. आई मजुरीला गेली की धाकट्या भावंडाला सांभाळायचं काम मोठ्या बहिणीकडे. ‘भावंडाला घरी ठेवून ये’ हे सांगून काय उपयोग? घरी होतं कोण? मग विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आली. तान्हं पाळणाघरात आणि ताई शेजारच्या वर्गात.

या प्रत्येक ठिकाणी आधी शाळेने आपली जागा बदलली, वेळ बदलली, मांडणी बदलली. मुलाला दोष देण्याची पाळी आलीच नाही.

आपल्या शिबिरालाही हे लागू पडतं. सकाळी दहाची वेळ कुणाच्या सोयीची? ज्या मुलीला तेव्हा पाणी भरायचं असतं, तिच्या सोयीची नक्कीच नाही. वीटभट्टीवरच्या किंवा ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबातल्या मुलांना शिबिराची खबर तरी लागते का? ‘वही-रंग घेऊन या’ या एका ओळीने किती जणांचे पाय दारातच अडखळतात!

तेव्हा यंदा शिबिराची जागा ठरवण्याआधी दोघीतिघींनी मिळून वस्तीतून एक फेरी मारा. कोणतं मूल दिवसभर काय करतं, कुणाच्या कडेवर कोण आहे, ते पाहा. वेळापत्रक त्यानंतर लिहा. आणि कुणी भावंडाला घेऊन आली, तर त्या बाळासाठीही एक गोधडी अंथरून ठेवा.