लॉरेन्स, डॉक्टर केर्न्स आणि आपला पैठण रोड

मराठी पेपरांनी आपल्या भाषेला दिलेला एक खास शब्द म्हणजे 'हेल्मेटसक्ती'. गंमत बघा, 'ब्रेकसक्ती' किंवा 'हेडलाइटसक्ती' हे शब्द कधी ऐकलेत का? गाडीला ब्रेक हवाच हे आपण गृहीत धरतो. हेल्मेट मात्र आपल्यासाठी सरकारने लादलेली भानगड! पोलीस दिसला की डोक्यावर, चौक ओलांडला की परत आरशाला.

मी मूळचा पैठणचा, नोकरी पुण्यात. म्हणजे हेल्मेट न घालण्याच्या दोन मोठ्या परंपरांचा वारसदार :) त्यामुळे या वीकेंडला जरा इतिहासात शिरलो. ही वस्तू आली कुठून, कोणी आणली, आणि आपल्यापर्यंत पोचायला तिला इतका वेळ का लागला, ते बघायला.

पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी १८८५ ची. जर्मनीत डाइमलर आणि मायबाख या जोडीने बनवलेली, सांगाडा चक्क लाकडाचा. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत मोटरसायकल इंग्लंडभर पसरली, शर्यती सुरू झाल्या, आणि अर्थात माणसं पडायला लागली. लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचा रेसिंग ट्रॅक होता. तिथले डॉक्टर एरिक गार्डनर. डोक्याला मार लागलेले रायडर्स बघून त्यांनी कॅनव्हास आणि शेलॅकची एक कडक टोपी बनवून घेतली. शेलॅक म्हणजे आपली लाख. तेव्हा जगाला लाख प्रामुख्याने भारतच पुरवायचा, म्हणजे पहिल्या हेल्मेटमध्ये आपलाही वाटा असावा! १९१४ च्या आइल ऑफ मॅन टीटी शर्यतीत ही टोपी सक्तीची झाली.

पण ती शर्यतवाल्यांसाठी. रस्त्यावरचा साधा माणूस पुढची कित्येक वर्षं कापडी टोपी आणि गॉगल घालूनच फिरत होता. 'आपण थोडेच रेस लावतोय?' हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना?

आता येतो लॉरेन्स. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' सिनेमावाला तो खरा लॉरेन्स. पहिल्या महायुद्धातून जिवंत परत आलेला माणूस. त्याला मोटरसायकलचं वेड, आणि गाडी म्हणजे ब्रफ सुपिरियर, त्या काळातली सगळ्यात भारी. १३ मे १९३५ ला घराजवळच्याच रस्त्यावर सायकलवरच्या दोन पोरांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे ला गेला. वय ४६.

त्याला तपासायला आलेल्या डॉक्टरांमध्ये एक तरुण न्यूरोसर्जन होते, ह्यू केर्न्स. लॉरेन्सला ते वाचवू शकले नाहीत. पण ही केस त्यांच्या मनातून गेली नाही, आणि माझ्या मते हेल्मेटचा खरा इतिहास इथून सुरू होतो. केर्न्सनी भाषण ठोकलं नाही, मोर्चा काढला नाही. त्यांनी मोजायला सुरुवात केली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा शत्रूच्या विमानांपासून लपण्यासाठी इंग्लंडमध्ये ब्लॅकआउट असायचा. अंधाऱ्या रस्त्यांवरून लष्कराचे निरोपे मोटरसायकली पळवायचे. १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केर्न्सचा निबंध आला. युद्धाआधीच्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर १,८८४ मोटरसायकलवाले आणि त्यांच्या मागे बसलेले मेले होते. युद्ध सुरू झाल्यानंतरच्या २१ महिन्यांत २,२७९. म्हणजे २१ टक्के वाढ. यातल्या साधारण दोन तृतीयांश मृत्यूंचं कारण डोक्याचा मार. आणि हेल्मेट घालून अपघात झालेले पेशंट त्यांना किती सापडले? फक्त सात. सातही जिवंत!

सात हा आकडा अगदीच लहान आहे, हे कोणताही इंजिनिअर सांगेल. पण लष्कराला तेवढं पुरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट घालायचा आदेश निघाला. पुढे केर्न्सनी होलबॉर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाला सोबत घेऊन आणखी केसेस तपासल्या. सामान्य नागरिकांसाठीचा कायदा मात्र आणखी लांबला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तो आला १९६१ मध्ये, ब्रिटनमध्ये थेट १९७३ मध्ये. केर्न्स १९५२ लाच गेले होते. आपल्या आकडेमोडीने काय घडवलं हे बघायला ते राहिले नाहीत.

थोडं गणित करूया, घाबरू नका, बारावीचंच आहे. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी अगदी उभी असताना तुम्ही बाजूला कोसळलात, तरी डोकं जमिनीवर आदळतं ते ताशी जवळजवळ २० किमी वेगाने. आता प्रश्न एवढाच, की डोकं किती अंतरात थांबतं. उघडं डोकं डांबरावर ३ मिलिमीटरमध्ये थांबलं असं धरा, तर मेंदूला बसतो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट धक्का. हेल्मेटच्या आतलं थर्माकोलसारखं अस्तर चेपत जाऊन तेच डोकं ३ सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर तो धक्का येतो ५० पटीवर. हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा पक्का आहे. बाहेरचं चकचकीत कवच हे फक्त अर्धं काम करतं, खरा जीव वाचवतो तो आतला चेपणारा थर. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं. म्हणूनच रस्त्याच्या कडेला मिळणारी, अस्तर नसलेली प्लास्टिकची टोपी घालून पोलीस चुकतो, डांबर चुकत नाही. आणि पट्टा लावला नसेल तर हेल्मेट डोक्याआधीच उडून जातं, मग ते घालून उपयोग काय?

बघा, या हिशेबात गाडीचा वेग कुठे आलाच नाही. 'गावातल्या गावात तर जातोय' हा युक्तिवाद इथेच संपतो.

आता आपल्याकडे येऊ. १९८५ हे वर्ष आपल्या भागासाठी महत्त्वाचं. त्या वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास जपानी तंत्राच्या १०० सीसी मोटरसायकली देशात आल्या, वर्षभरात बजाजचीही कावासाकीसोबतची आली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणाऱ्या देशात बघता बघता गाडी घराघरात पोचली. आपल्या शहराने भारताला गाड्या बनवून दिल्या, ही खरंच अभिमानाची गोष्ट आहे.

कायदाही लगेच मागून आला. हैदराबादच्या एका माणसाने हेल्मेटच्या नियमाला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं होतं, की हा माझ्या मुक्तपणे फिरण्याच्या हक्कावर घाला आहे. १९८८ मध्ये कोर्टाने ते फेटाळलं. त्याच वर्षी नवा मोटार वाहन कायदा झाला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यातलं कलम १२९ म्हणजे हेल्मेट. गाडी चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही. पगडी बांधणाऱ्या शिखांना तेवढी सूट.

कायदा १९८९ चा, आणि तेव्हाच्या औरंगाबादेत पोलिसांनी तो मनावर घेऊन मोहीम उघडली २०१६ च्या फेब्रुवारीत! म्हणजे वाळूजची पहिली गाडी आणि तिच्या चालकाच्या डोक्यावरचं हेल्मेट यात तीस वर्षांचं अंतर. त्याच वर्षी जुलैमध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली, विरोध झाला आणि ती बारगळली. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून सक्ती झाली तर तिथे लोक रस्त्यावर उतरले. मान दुखते, केस गळतात, ऐकू येत नाही, शहरात वेगच कुठे असतो... यादी मोठी होती.

यातला उकाड्याचा आक्षेप मला मान्य आहे. मे महिन्यात मराठवाड्यात हेल्मेट घालून पन्नास किलोमीटर जाणं म्हणजे डोकं कुकरमध्ये ठेवणं. पण एक न बोललेला आक्षेप सगळ्यांच्या तळाशी असतो, तो म्हणजे 'घाबरट दिसतो'. यावर मी एकच उदाहरण देतो. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाला भेटायला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावर लोखंडी टोप चढवला होता, हे आपण शाळेपासून वाचत आलोय. महाराजांना भित्रं म्हणायची कोणाची हिंमत आहे? धोका ओळखून तयारीने जाणं हीच आपली जुनी रीत. 'शिरस्त्राण' हा शब्द तर आपल्याकडे मोटरसायकलच्या कितीतरी आधीपासून आहे.

आणि आता पैठण रोड. पैठण, ढोरकीन, बिडकीन, चितेगाव, संभाजीनगर. साधारण ५० किमी. एमआयडीसीच्या शिफ्ट, उसाच्या ट्रॉल्या, षष्ठीच्या यात्रेची गर्दी, जायकवाडी बघायला निघालेली कॉलेजची पोरं, सगळं या एका रस्त्यावर. पैठणजवळ कोणी डोक्यावर पडला तर न्यूरोसर्जनपर्यंत पोचायला बहुतेक वेळा शहरच गाठावं लागतं, घाटी नाहीतर एखादं खाजगी हॉस्पिटल. मेंदूत रक्तस्राव होत असताना तो पाऊण-एक तासाचा प्रवास म्हणजे काय, याचा विचार करा. पुण्या-मुंबईत कदाचित दहा मिनिटांवर हॉस्पिटल असेल. लांबच्या गावाला हेल्मेटची गरज म्हणूनच शहरापेक्षा जास्त आहे, आणि वापर बरोब्बर उलटा.

केर्न्सचं मोजणं आता आपलं सरकारही करतं. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले. त्यात ३५,६९२ चालक, आणि १४,३३७ मागे बसलेले. जगभरचे अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये जो आढावा निघाला, त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. सगळे वाचत नाहीत, हे खरं. पण शंभरातले बेचाळीस हा आकडा केर्न्सच्या सातपेक्षा पुष्कळ भक्कम आहे.

मला त्या १४,३३७ मध्ये जास्त अडकायला होतं. आपल्यासारखी आयटीतली मंडळी स्वतःसाठी ब्रँडेड हेल्मेट घेतात, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट पण घेतात. चांगलंच आहे, पडताना आधी हातच टेकतात आणि चपलेतला पाय डांबरावर सोलून निघतो. पण तेच आपण गावी गेलो की आई मागे एका बाजूला पाय सोडून बसते, डोक्यावर फक्त पदर. वडील शेतातून येतात ते दस्ती बांधून. कायदा दोघांसाठी आहे, गणित दोघांसाठी आहे, हेल्मेट मात्र घरात एकच.

तेव्हा मंडळी, या दिवाळीला घरी मिठाईचा एक बॉक्स कमी न्या आणि आयएसआयचा शिक्का असलेलं एक जास्तीचं हेल्मेट घेऊन जा. आईच्या मापाचं. 'मला कशाला ते, केस विस्कटतात' असं ती म्हणेलच. तरी पट्टा स्वतःच्या हाताने लावून द्या. वाळूज आणि हेल्मेट यांच्यातलं तीस वर्षांचं अंतर सरकारला मिटवता आलं नाही, आपल्या घरापुरतं तरी ते आपल्या हातात आहे.

असो. बाहेर निघताय ना? पट्टा लावा.