मूत्रपिंडविकार व मूत्रपिंडकार्याचे मापन (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

मूत्रपिंडांच्या रचनेत वा कार्यात बिघाड होऊन रक्तातील टाकाऊ द्रव्ये, पाणी व क्षार यांचा समतोल ढळणे म्हणजे मूत्रपिंडविकार. बोलीत किडनीचा आजार. काही तासांत वा दिवसांत उद्भवणारा तो तीव्र आणि तीन महिन्यांहून अधिक टिकणारा तो चिरकारी. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्रात सु. १८.४ लाख आणि कल्याण-डोंबिवलीत सु. १२.५ लाख लोक राहत होते. या दाट वस्तीत दोन्ही प्रकार दिसतात. चिरकारी विकार दीर्घकाळ लक्षणांशिवाय वाढतो, म्हणून तपासणी हाच तो वेळेवर ओळखण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

रचना व कार्य : प्रत्येक मूत्रपिंडात सु. १० लाख सूक्ष्म गाळण्या (नेफ्रॉन) असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सु. १८० लिटर द्रव गाळतात; त्यातील बहुतेक भाग शरीरात परत शोषला जातो व दीड-दोन लिटर लघवी उरते. रक्तदाबाचे नियमन, तांबड्या पेशी तयार होण्यासाठी लागणारे संप्रेरक आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप यांसाठीही मूत्रपिंडे लागतात. म्हणूनच वाढलेल्या विकारात रक्तक्षय होतो व हाडे कमकुवत होतात.

कारणे : चिरकारी विकाराची प्रमुख कारणे मधुमेह व उच्च रक्तदाब ही होत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सु. १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून शहरांत त्याचे प्रमाण खेड्यांपेक्षा अधिक आहे. गाळण्यांचा दाह, मुतखडे, मूत्रमार्गातील अडथळा व आनुवंशिक बहुकोष्ठी मूत्रपिंड ही इतर कारणे. चिठ्ठीवाचून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि धातुमिश्रित अप्रमाणित औषधे मूत्रपिंडांना इजा करतात. उपनगरी लोकलमध्ये स्वच्छतागृह नसल्याने अनेक प्रवासी, विशेषतः स्त्रिया, घरून निघताना पाणी टाळतात. कमी पाण्यामुळे मुतखड्याचा व मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

कार्याचे मापन : मूत्रपिंडे एका मिनिटात किती द्रव गाळतात, त्याला गाळणदर म्हणतात. निरोगी तरुणात तो १.७३ चौ. मी. शरीरपृष्ठामागे मिनिटाला ९० ते १२० मिलि. असतो. तो थेट मोजणे किचकट असल्याने रक्तातील क्रिएटिनिनवरून अंदाज काढतात. क्रिएटिनिन हे स्नायूंच्या चयापचयातून सतत निघणारे द्रव्य. ते मोजण्याची रासायनिक रीत माक्स याफे यांच्या १८८६ च्या शोधावर उभी आहे.

नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. गाळणदर बराच उतरेपर्यंत हा आकडा अनेकदा सर्वसाधारण मर्यादेतच राहतो. शिवाय तो स्नायूंवर, म्हणजे वय, लिंग व शरीरयष्टीवर अवलंबून असतो. क्रिएटिनिन १.१ मिग्रॅ. प्रति डेसिलि. असलेल्या २५ वर्षांच्या पुरुषाचा गाळणदर, तो काढण्याच्या २०२१ च्या सूत्रानुसार, सु. ९५ येतो, त्याच आकड्याला ६५ वर्षांच्या स्त्रीचा सु. ५६. अहवालात दोघांपुढेही ‘नॉर्मल’ असे छापलेले असू शकते. म्हणून वय व लिंग धरून काढलेला अंदाजित गाळणदर (ईजीएफआर) अहवालात मागून घ्यावा. स्नायू फार कमी असलेल्या वृद्धांत वा अवयवच्छेद झालेल्यांत हे सूत्र गाळणदर प्रत्यक्षाहून जास्त दाखवते; अशा वेळी सिस्टॅटिन-सी हे प्रथिन मोजणे उपयोगी पडते. गरोदरपणात व तीव्र आजारात हे सूत्र लावत नाहीत. रक्तातील युरिया आहार व पाण्याच्या कमतरतेनेही वाढतो, त्यामुळे तो एकटा निर्णायक ठरत नाही.

तितकीच महत्त्वाची तपासणी लघवीतील अल्ब्युमिनची आहे. सकाळच्या पहिल्या लघवीत क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ३० मिग्रॅ. पेक्षा कमी अल्ब्युमिन असणे ठीक. ३० ते ३०० ही मध्यम वाढ व त्यापुढे तीव्र वाढ. मधुमेहात पुष्कळदा गाळणदर चांगला असतानाच अल्ब्युमिन वाढू लागते. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी किंवा जोरकस व्यायाम यांमुळेही ते तात्पुरते वाढते. म्हणून ही चाचणी तीन महिन्यांत पुन्हा करून निदान पक्के करतात. सोनोग्राफीत मूत्रपिंडांचा आकार, खडे व अडथळा दिसतो. कारण स्पष्ट होत नसल्यास ऊतक काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात (बायोप्सी).

अवस्था : गाळणदरानुसार चिरकारी विकाराच्या अवस्था ठरतात : पहिली ९० व त्याहून अधिक, दुसरी ६०–८९, तिसरी ३०–५९ (४५ च्या वर ३-अ, खाली ३-ब), चौथी १५–२९ व पाचवी १५ पेक्षा कमी. पहिल्या दोन अवस्थांत विकार म्हणण्यासाठी लघवीत अल्ब्युमिन, रक्तपेशी किंवा सोनोग्राफीतील दोष असा पुरावा लागतो. पायांवर सूज, मळमळ, खाज, धाप ही लक्षणे बहुधा शेवटच्या अवस्थांत येतात.

पावसाळी तीव्र विकार : लेप्टोस्पायरोसिस, हिवताप, डेंग्यू व जुलाब-उलट्यांनी झालेला जलक्षय यांमुळे मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ शकतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई व आसपासच्या भागात लेप्टोची मोठी साथ आली. उल्हास व वालधुनी नद्यांच्या काठचे सखल भाग अतिवृष्टीत पाण्याखाली जातात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या या पाण्यातून लेप्टोचे जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, कावीळ किंवा लघवी कमी होणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाड भागात घोणस सापाच्या दंशानेही असा विकार होतो. वेळेवर उपचार मिळाल्यास यांतील बऱ्याच रुग्णांची मूत्रपिंडे पूर्ववत काम करू लागतात.

उपचार व सोयी : रक्तदाब व साखर काबूत ठेवणे, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, अल्ब्युमिन घटवणारी रक्तदाबाची औषधे व योग्य रुग्णांत डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे यांनी विकाराची गती बरीच मंदावते. पाचव्या अवस्थेत डायलिसिस (रक्तशुद्धीकरण) वा प्रत्यारोपण लागते. रक्तशुद्धीकरण साधारणपणे आठवड्यातून दोन ते तीनदा, दर वेळी सु. चार तास चालते; त्यानंतर थकवा येतो व रक्तदाब उतरू शकतो. म्हणून मुंबईत नोकरी करणाऱ्या रुग्णानेही घराजवळचे केंद्र निवडणे हिताचे. त्यासाठी हातातील रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला काही महिने आधी करून घ्यावा लागतो. पोटातील डायलिसिस घरीच करता येते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, तर २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. प्रत्यारोपण १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चालते. मेंदुमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी रुग्णालयामार्फत मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवतात.

प्रतिबंध : मधुमेह, उच्च रक्तदाब, मुतखडे किंवा घरात मूत्रपिंडविकार असलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब, ईजीएफआरसह क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन तपासावे. या तपासण्यांना मोठे यंत्र लागत नाही; वस्तीतील पॅथॉलॉजी लॅबमध्येही त्या होतात. जुने अहवाल जपून ठेवावेत, कारण एका आकड्यापेक्षा वर्षागणिक होणारी घसरण डॉक्टरांना अधिक सांगते.